झाड झालेली नूरी

हे कुणाला सांगायचं नाही, असं अनघाताईंनी मला बजावलं होतं. त्या आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतात. तरी सांगते.

"…मग आणखी किती दिवस मी नुसतं बघत बसायचं, आक्का?"

आक्का बालवाडीच्या पायरीवर बसून खराटा बांधत होत्या. साखर कारखान्याच्या रस्त्याकडेची ही बालवाडी त्या तीस वर्षं चालवतात. अनघाताई बालशिक्षणाच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिल्या आलेल्या. इथं येऊन तीन महिने झाले, पण आक्का वर्ग काही हातात देत नव्हत्या.

"बघून झालं?" आक्कांनी विचारलं.

"केव्हाच!"

"मग आजचा दिवस तुझा. पार पडला तर वर्गही तुझा."

"पण तुम्ही मध्ये पडायचं नाही."

आक्कांनी खराट्याची गाठ आवळली…

"नाही पडत."

अनघाताईंनी भिंतीवर पुठ्ठा टांगला. त्यावर मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. दहाला कडधान्यं निवडणं. साडेदहाला अंगणात खेळ. अकराला गोष्ट आणि गाणी. पावणेबाराला डबे.

पोरं एकवीस. चवळी, हुलगे आणि वाल वेगवेगळ्या वाट्यांत पडले. शंभूनं एक वाल नाकात घालून बघितला. अनघाताईंनी तोसुद्धा वेळेत बाहेर काढला.

मग अंगणात झाडांचा खेळ.

"सगळ्यांनी आपापली जागा शोधा. खाली बसा. तुम्ही आता बी आहात… कोंब फुटला… उठा. झाड झालात! फांद्या वर. आता हलायचं नाही."

किती वेळ हलायचं नाही, तेही त्यांनी सांगितलं. एक खूण ठरवली. ती खूण कानावर पडली की हलायचं, त्याआधी नाही.

अंगण अगदी शांत झालं. कधी नव्हे ते. अनघाताईंनी हळूच पायरीकडे बघितलं. आक्का बघतायत का?

आक्का खराट्यात मान घालून बसल्या होत्या.

अनघाताईंनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं! त्यांनी घाईघाईनं घंटा बडवली. "चला चला, आत! गोष्ट सुरू!"

पोरं आरडत आत पळाली. गोष्ट झाली. मग गाणी, टाळ्या, पाय आपटणं. वरचे पत्रे थडथडत होते. पावणेबाराला, अगदी ठरल्या मिनिटाला, डबे उघडले.

एक डबा फळीवरच राहिला. पिवळा.

"हा कुणाचा रे?"

"नूरीचा," शंभू तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "मणेरांची नूरी."

"आणि ती कुठंय?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. अनघाताईंनी डोकी मोजली. वीस. पुन्हा मोजली… वीसच.

मोरीत नव्हती. दाराआड नव्हती. अंगणात कुणी नव्हतं. फाटक अर्धं उघडं होतं, आणि बाहेरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत धुरळा उडवत चालला होता.

अनघाताई रस्त्यावर धावल्या. "नूरी! ए नूरी!" समोरचा पानवाला म्हणाला, "इकडं कोण पोर आलं न्हाई, बाई." बाराला नूरीची आई यायची. तिला काय सांगायचं?

त्या परत फिरल्या. आता आक्कांना सांगणं भाग होतं. पण पायरीवर नुसता खराटा पडला होता, गाठ सुटलेला.

"आक्का…"

"इकडं." आवाज मागून आला, पाण्याच्या टाकीपलीकडून.

टाकीमागे नूरी उभी होती. पाय जुळवलेले, डोळे मिटलेले, हात वर. शेजारी आक्का. त्यांनी एका हातानं नूरीचे दोन्ही हात खालून पेलून धरले होते. दुसरा हात उंच करून तिच्या डोक्यावर पदराची सावली केली होती.

अनघाताईंना आधी रडू फुटलं, मग राग आला.

"तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"तीनदा हाक मारली. आत तुझं गाणं चाललं होतं."

"मग उचलून आत आणायचं!"

"म्हटलं तिला, चल. म्हणाली, बाईंनी सांगितलंय. तिला सोडून तुला बोलवायला येऊ, तर हात कोण धरणार?"

"नूरी, चल बाळा. खेळ संपला."

नूरी हलली नाही.

"पुरे गं, राणी. शाब्बास! सुट्टी!" अनघाताईंनी टाळी वाजवली.

नूरी ओठ न हलवता पुटपुटली, "अजून न्हाई, बाई…"

तेव्हा अनघाताईंना आठवलं की खूण ठरली होती. पण कोणती? पुठ्ठ्यावर ती नव्हती. उभ्या उभ्या सुचलेली, बोलून विसरलेली.

"आक्का, मी काय म्हणाले होते?"

"मी नव्हते ऐकत."

अनघाताई धुळीत गुडघे टेकून बसल्या. त्यांचं तोंड नूरीच्या तोंडासमोर आलं.

"नूरी, मी विसरले गं. मी काय म्हटलं की तू हलायचंस?"

नूरीनं एक डोळा उघडला. खरंच विसरल्यात का, ते नीट बघून घेतलं.

"पाखरं उडाली, असं म्हणायचं."

"पाखरं… उडाली."

नूरीचे हात धपकन खाली आले. "बाई, झाडाला शू लागली तर काय करायचं वो?" असं विचारत, उत्तराला न थांबता ती मोरीकडे पळाली.

अनघाताई तशाच बसून राहिल्या.

"मला वर्ग देऊ नका, आक्का."

नूरी गेली होती, तरी आक्कांचा पदर धरलेला हात अजून तसाच वर होता.

"हात खाली घ्या ना आता. झालं सगळं."

"तिला सोडवायला तुझा शब्द होता," आक्का म्हणाल्या. "मला तर उभं राहायला कुणी सांगितलंच नव्हतं… मला कोण सोडवणार?"

"आक्का, पण मी तर आज…"

"बाई! ओ बाई!" आतून एकदम पाच-सहा हाका आल्या. कुणाचा तरी डबा सांडला होता.

अनघाताई अर्धवट उठल्या, पुन्हा थबकल्या. त्यांनी आक्कांकडे बघितलं.

"जा," आक्का म्हणाल्या. "आता तूही सुटायची नाहीस."