करवतीची दुसरी मूठ

तेव्हा लाकूड कापायच्या गिरण्या नव्हत्या. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात रुमाजी नावाचा करवत्या होता, आणि पलीकडच्या आळीत त्याचा जोडीदार भिवा. दोघांची मिळून एकच लांबलचक करवत होती, दोन्ही टोकांना मूठ असलेली. ओंडक्याच्या अलीकडे रुमाजी, पलीकडे भिवा. एकाने ओढायचं, तेव्हा दुसऱ्याने हात सैल सोडायचा. मग दुसऱ्याने ओढायचं, पहिल्याने सोडायचं. ही करवत ढकलायची नसते. ढकलली की पातं वाकतं. म्हणून आपली ओढ संपली की भिवा हलकेच म्हणायचा, "घे." खर्र, घे. खर्र, घे. सकाळभर तो आवाज गावाच्या कानावर असे, आणि घराघरांतल्या बायका त्याच ठेक्यावर ताक घुसळत. काय दिवस होते ते. आता तो आवाज आठवणारी माणसंही थोडीच उरली.

रुमाजीचे दंड भरदार होते. बाजारच्या दिवशी लोक मुद्दाम थांबून ते दाबून बघत आणि वाहवा करत. ऐकून ऐकून ती वाहवा त्याच्या डोक्यात गेली. एके दुपारी भाकरी खाताना तो म्हणाला, "भिवा, खरं सांगू? कापतो मी. तू नुसता सोडतोस."

भिवा कांदा फोडत होता. त्याने तो फोडून अर्धा रुमाजीच्या पुढ्यात ठेवला, जेवण संपवलं, हात धुतले. चार दिवसांनी तो नदीपलीकडे लेकीच्या गावी राहायला निघून गेला. वीस वर्षांची जोडी अशी एका वाक्यावर मोडली.

रुमाजीने नवा जोडीदार शोधला. शिदबा त्याचं नाव, आणि अंगाने अगदी रुमाजीसारखाच दांडगा. मग काय व्हायचं? दोघेही ओढायचे, सोडायला कुणीच तयार नाही. एकदा ऐनाच्या झाडाच्या कठीण ओंडक्यात करवत अडकली. रुमाजीचं डोकं फिरलं आणि त्याने सगळा जोर लावून ती ढकलली. पातं वाकलं, मूठ निसटली, आणि रुमाजी कोपरावर आपटला. हाड मोडलं.

गावात यमुनाआक्का हाडं बसवायची. तिने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिन्याने कामट्या सोडल्या तर हाड सांधलेलं, पण हात कोपरात वाकलेलाच राहिला. घास तोंडाशी जाई, करवत मात्र चालवता येईना. हात सरळ होत नाही तो करवत्या कसला? रुमाजी रोज सकाळी दात-ओठ खाऊन, मूठ आवळून हात सरळ करू पाही. घामाने निथळे, हात तसूभर हलत नसे.

एक दिवस आक्का दारात उभी राहून ते बघत होती. म्हणाली, "कुणाशी भांडतोयस रे?"

मग तिने त्याचा चांगला हात दुखऱ्या दंडावर ठेवला. "वाकव. हा पुढचा गोळा टणक झाला ना? आता मागचा चाचपून बघ. सैल आहे. सरळ करताना याच्या उलट व्हायला हवं. मागच्याने ओढायचं, पुढच्याने सोडायचं. रुमाजी, अंगातला एकही स्नायू ढकलत नाही. सगळे नुसते ओढतात. म्हणून तर ते जोडीने बसवलेत, रवीच्या दोरीच्या दोन टोकांसारखे. तुझा पुढचा गडी दांडगा आहे, पण त्याला सोडणं येत नाही. तू मूठ आवळतोस तसा तो आणखीच अडून बसतो."

"मग त्याला सोडायला कुणी शिकवायचं, आक्का?"

"मला काय विचारतोस? वीस वर्षं एक माणूस तुझ्यासमोर बसून तेच शिकवत होता."

रुमाजीने मान खाली घातली. त्याला फार लाज वाटली, आणि भिवाची फार आठवण आली. दुसऱ्या दिवशी वाकलेलं पातं ठोकून सरळ करून घेतलं, करवत खांद्यावर टाकली आणि तो नदी ओलांडून गेला.

भिवा ओटीवर कुदळीला दांडा बसवत होता. केस आणखी पिकले होते. रुमाजी म्हणाला, "भिवा, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं ते बोललो."

भिवाने आधी त्याचा हात पाहिला, मग खांद्यावरची करवत. "परसात जांभळाचा ओंडका पडलाय," तो म्हणाला. "बस अलीकडे."

भिवाने हळूच ओढलं. कळ आली तशी रुमाजीने सवयीने हात आवळला. भिवा थांबला. ओढाताण केली नाही, नुसता मूठ धरून बसून राहिला.

"सोड, रुमा. मी धरलंय."

रुमाजीने डोळे मिटले. आयुष्यभर ओढायला घाबरला नव्हता तो, पण आज सोडायला घाबरला. तरी त्याने हात सैल केला. करवत भिवाकडे सरकली आणि तिच्यामागोमाग रुमाजीचा हात बोटभर पुढे गेला.

मग रुमाजीने ओढलं. ओढ संपली तेव्हा तो जरा अडखळला आणि वीस वर्षांत कधी न म्हटलेला शब्द म्हणाला, "घे."

भिवाचे डोळे भरून आले. त्याने करवत घेतली. पुढे दोन महिने रोज ते असेच समोरासमोर बसले, आणि रुमाजीचा हात सरळ झाला.

तात्पर्य: ओढायला जोर लागतो, तसा सोडायलाही लागतो. जोडीदाराची पाळी आली की ज्याला हात सैल करता येत नाही, त्याचा जोर शेवटी त्यालाच आखडून ठेवतो.