तिसऱ्या खांबाजवळची प्रार्थना

“मग मंडळीने करायचं तरी काय, पाळकबाबा?”

प्राध्यापक अमोलिक हे तिसऱ्यांदा विचारत होते. चर्चच्या ओसरीत दुपार कलली होती. चिंचेची सावली हळूहळू पायरी चढत होती.

रणनवरे पाळक निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. मंडळीने त्यांच्याकडे एकच काम राहू दिलं होतं. बुधवारची घरप्रार्थना कोणाकडे, ते फळ्यावर लिहायचं.

“माझा अहवाल वाचलात ना?”

“वाचला. दोनदा डोळा लागला... पण झोप छान लागली.”

अमोलिक हसले नाहीत. साठ पानांचा अहवाल होता. शहरात बेघर किती, का, आणि पाच वर्षांत निवारा कसा बांधता येईल.

“थट्टा नको, बाबा. पुढच्या गुरुवारी पुलाखाली लोखंडी जाळी बसणार आहे. तिथली माणसं जातील कुठे? रविवारी मंडळीने ठराव केला, तर निदान...”

“निदान?”

“...निदान ठराव तरी होईल.”

बाबांनी खडू उचलला. उद्याच्या बुधवारसमोर गोर्डे यांचं नाव होतं. त्यांच्याकडे आजारपण होतं, म्हणून ते पुसायचंच होतं. बाबांनी पुसलं, आणि सावकाश लिहिलं :

कौसाबाई. पूल, तिसरा खांब.

अमोलिक बघत राहिले. “ही कोण?”

“मी तिकडून जातो तेव्हा ‘चहा झाला का’ म्हणून विचारते.”

“पण ती आपली नाही. मंडळीच्या यादीत तिचं नाव नाही.”

“आता आलं की.” बाबांनी बोटांवरचा खडू झटकला. “पण आधी विचारून येऊ. घर तिचं आहे.”

बुधवारी सात माणसं आली. एरवी तीस येतात.

ऊन उतरत होतं. पुलावरून ट्रक जात, आणि खांबांतून लांबवर एक खर्ज घुमत जाई, जणू कुणी पेटीची एकच पट्टी दाबून धरली आहे. धुळीत उन्हाचे पट्टे तरंगत होते. माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती. मला तरी तसं दिसलं. मी त्या सातांतला एक.

कौसाबाईने पाणी शिंपडून धूळ बसवली होती. पुठ्ठे अंथरले होते, त्यांवर धुतलेलं लुगडं. एका कडेला विटांची ओळ, दुसऱ्या कडेला पत्र्याची पेटी.

अमोलिकांनी पाय पुढे टाकला.

“ओ सर! बूट!”

ते थबकले. “अहो बाई, रस्ताच आहे हा...”

“रस्ता विटांच्या तिकडं. हिकडं आत्ताच झाडलंय.”

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा केव्हाच अनवाणी झाले होते. त्यांच्या चपला विटांपलीकडे नीट जोडीने ठेवलेल्या होत्या.

अमोलिक खाली वाकले. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागला...

गाणं झालं. शास्त्रपाठ झाला. प्रार्थनेत बाबांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं, “प्रभू, या घराला आशीर्वाद दे.” वरून एक ट्रक गेला. कौसाबाईने डोळे किलकिले करून छताकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

मग तिने चहा दिला. तीन पेले होते, आळीपाळीने प्यालो.

घरप्रार्थना संपली की यजमानाने दारात उभं राहून एकेकाला निरोप द्यायचा, ही आमच्या मंडळीची जुनी पद्धत. तिला हे कुणी सांगितलं, ठाऊक नाही. ती विटांपाशी उभी राहिली.

“नीट घरी जा हं. सांभाळून. नीट घरी जा.”

अमोलिकांची पाळी आली.

“नीट घरी जा, सर.”

चाळीस वर्षांची सवय. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “बरं आहे. या एकदा आमच्याकडे.”

“कधी?”

...

एका पायात बूट, एक बूट हातात. अमोलिक तसेच उभे होते.

“बुधवारी,” बाबा म्हणाले. “पुढचा बुधवार सरांकडेच आहे. फळ्यावर महिन्यापासून लिहिलंय.”

“मग येते,” कौसाबाई म्हणाली. “पेटी हितंच ठेवू, का आणू? दुसऱ्या दिवशी जाळीवाले येणार म्हणतात.”

मी माझ्या चपला शोधू लागलो.

परत येताना मी बाबा आणि अमोलिक यांच्या मागून चालत होतो. अमोलिक एकदम म्हणाले, “तुम्ही मला अडकवलंत, बाबा.”

“आमंत्रण तुम्ही दिलंत. मी आपला खडू धरतो.”

“ती बोलायची पद्धत असते हो! सगळेच म्हणतात.”

“हो... सगळेच म्हणतात.”

“आणि एका बाईने काय होणार? शहरात चार हजार माणसं उघड्यावर आहेत. मी स्वतः मोजलीत.”

“मंडळीत घरं किती, तेही मोजलंत?”

अमोलिक थांबले. समोर त्यांचंच घर होतं. खालच्या मजल्यावर दिवा होता. वरच्या खोल्यांच्या खिडक्या त्यांची बायको वारल्यापासून बंदच होत्या. मावळतीचा तांबूस उजेड त्या काचांवर असा पडला होता, की आत कुणी राहतंय असं वाटावं.

त्यांनी फाटक उघडलं, पण आत गेले नाहीत.

“बाबा... गुरुवारी तिथे जाळी असेल.”

“असेल.”

“मग बुधवारी प्रार्थना संपल्यावर, या दारात उभं राहून... मी तिला म्हणू काय?”

बाबांनी फाटकाची कडी हातात धरली.

“तिनं तुम्हाला म्हटलं, तेच म्हणा, ‘नीट घरी जा’... म्हणवलं तर.”