नगराध्यक्षांची पावलं

नगराध्यक्ष बोडखेसाहेबांना दोनच गोष्टींचा गर्व, स्वतःच्या तब्येतीचा आणि गावातल्या नव्या रस्त्याचा. सभेत त्यांनी मोबाईल उंचावला. "सकाळपासून पाच हजार पावलं चाललोय. मोबाईल खोटं बोलत नाही."

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी तनुजा उठली. "मी स्कूटरला मोबाईल बांधून नव्या रस्त्याचे धक्के मोजले, साहेब. रस्ता नापास आहे."

"मोबाईलला रस्त्यातलं काय कळतं?"

"बरं. आज पायी कुठं गेला होता?"

साहेबांआधी त्यांचा ड्रायव्हरच अभिमानानं बोलला, "पायी कशाला? साहेबांचा पाय मी जमिनीला लागू देत नाही. सकाळपासून नव्या रस्त्यावर गाडीनंच फिरतोय."

"मग ही पावलं खड्ड्यांची," तनुजा म्हणाली. "गाडीला धक्का बसला की मोबाईलला वाटतं, साहेब चालले."

परतताना साहेबांनी गाडीत बसण्याआधी मोबाईल बंद केला.