बाहुली कशासाठी रडते

एका लाकडी बाहुलीच्या डोळ्यांतून खरे पाणी येते असे ऐकून एकदा एक तरुण आपले गाव सोडून तिला पाहायला निघाला. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका वृद्धाची ती बाहुली. घाटाखालच्या गावांतून, जत्रांतून, उत्सवांतून तो फिरत असे. खेळात एका नावाड्याची बायको आपल्या लेकीला नदीपलीकडे सासरी धाडते, आणि नाव दूर गेली की त्या आईच्या, म्हणजे या बाहुलीच्या, डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर ओघळतो. तो थेंब पाहून तरुणाच्या अंगावर काटा आला. लोक पांगले तरी तो जागचा हलला नाही. सकाळी त्याने वृद्धाचे पाय धरले आणि मला शिष्य करून घ्या म्हणून हट्टच धरला.

वृद्धाने होकार दिला आणि त्याच दिवशी बाहुलीचे डोके उघडून त्याच्या हातात ठेवले. डोके आतून पोकळ होते. त्यात ओल्या कापसाचा बोळा, बोळ्यावर लाकडी दट्ट्या, दट्ट्याला दोरा. दोरा ओढला की बोळा दाबला जाई आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुईएवढ्या भोकातून पाणी बाहेर येई.

शिष्य हुशार होता. दोऱ्या कशा धरायच्या, बाहुलीला चालवायचे कसे, बसवायचे कसे, सारे तो लवकरच शिकला. आवाज मात्र सगळे वृद्धच काढी. पण शिष्याचे मन खेळात रमेना. थेंब येण्याच्या क्षणी लोक श्वास रोखून धरत, तेव्हा याच्या मनात येई, बोळा आज जरा कोरडाच राहिला. लोकांचे ते थक्क होणे त्याला आता पोरकट वाटू लागले, आणि कधीकाळी आपणही तसेच थक्क झालो होतो याची लाज वाटू लागली. शेवटी एके दिवशी तो म्हणाला,

"गुरुजी, मी घरी जातो. तुम्ही पहिल्याच दिवशी तिचं डोकं उघडून दाखवलंत, तिथंच माझा आनंद संपला. ठाऊक नव्हतं तोवर केवढं सुख होतं! आता नुसतं काम उरलंय."

वृद्ध रागावला नाही. बाजारपेठेच्या गावी एका व्यापाऱ्याकडे देवीच्या उत्सवाचा खेळ ठरला होता, तेवढा करून जा, आईच्या दोऱ्या त्या दिवशी तूच धर, इतकेच त्याने सांगितले.

हा व्यापारी दरवर्षी आपल्या अंगणात हा खेळ करवी. बाहुलीचा अश्रू दाखवायला तो लांबलांबच्या सोयऱ्यांना बोलावणे धाडी, आणि स्वतःची बैठक बाहुलीच्या डाव्या डोळ्यासमोर मांडून घेई. त्या संध्याकाळीही अंगण भरले. पडदा वर जायच्या आधी वृद्ध बाहुलीला घेऊन लोकांसमोर आला. त्याने तिचे डोके उघडले, आतला कापूस सर्वांना दाखवला, व्यापाऱ्याला तळहात पुढे करायला सांगितले आणि दोरा ओढला. पाण्याचा थेंब व्यापाऱ्याच्या हातावर पडला.

अंगणात कुजबुज सुरू झाली. ओला कापूस पाहायला का एवढा प्रवास केला, असे पुटपुटत काही पाहुणे उठले आणि चालते झाले. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. चारचौघांत माझी शोभा केलीत, असे तो हलक्या आवाजात म्हणाला. वृद्धाने त्याला शांतपणे सांगितले की जे गेले त्यांना जाऊ द्यावे, जे बसले आहेत त्यांच्यासाठी खेळ होईल. शिष्य पडद्यामागून हे सारे पाहत होता. आपण सोडून चाललो त्या दुःखात म्हाताऱ्याने स्वतःच्याच पोटावर पाय दिला, असे त्याला वाटले.

खेळ सुरू झाला. एरवी पहिल्या प्रवेशापासून लोकांची नजर त्या डोळ्यावर खिळलेली असे. आता येईल, मग येईल, अशी कुजबुज चाले. आज कुणालाच कशाची वाट पाहायची नव्हती. लेक नावेत बसली. नावाडी तिचा बापच. तो काठाकडे पाठ करून वल्ही मारीत राहिला. नाव मधोमध गेल्यावर लेकीने मागे वळून हाक दिली,

"आई, माझी तांबडी कोंबडी विकू नकोस गं."

लोक हसले. हसू अर्ध्यावरच थांबले.

हे वाक्य शिष्याने रोज ऐकले होते, पण त्याच्या लेखी ती दोरा ओढण्याची खूण होती. आज ते त्याला ऐकू आले. त्याचे बोट दोऱ्यावर तसेच राहिले. आईचा हात त्याने शिकल्याप्रमाणे पूर्ण उचलला नाही, अर्धाच उचलला आणि तिथेच धरला. मग त्याने दोरा ओढला. थेंब ओघळला. कुणी थक्क झाले नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईने पदराने डोळे टिपले.

खेळानंतर व्यापारी पडद्यामागे आला. आता बोलणी खावी लागणार, म्हणून शिष्य खाली मान घालून उभा राहिला. व्यापारी काही वेळ घुटमळला, मग म्हणाला, "ती कोंबडी विकली का हो तिनं?"

"शेठ, दरवर्षी हाच खेळ असतो," वृद्ध म्हणाला.

"असेल. पण त्यात कोंबडी आहे, हे मला आजच कळलं."

तो गेल्यावर वृद्ध शिष्याकडे वळला.

"बाळ, गुपितात सुख असतं, ते काही खोटं नाही. त्या ओढीनंच तू आलास, हेही खरं. पण पाणी येतं कसं, या विचारात गुंतलेला माणूस ती बाई रडते कशासाठी, हे विचारीत नाही. कसं ते एकदा कळलं की मन मोकळं होतं. मग ते उठून घरी जातं, नाहीतर पुढचं विचारू लागतं. तू पुढचं विचारावंस म्हणून पहिल्याच दिवशी ते डोकं तुझ्या हातात दिलं होतं."

शिष्याने विचारले, "तुम्हांला तर सगळंच ठाऊक आहे. मग तुमचा आनंद कुठं उरला?"

"कापूस ठाऊक आहे, भोक ठाऊक आहे. पण जाताना ती लेक 'मला विसरू नकोस' असं का म्हणत नाही, कोंबडीचंच का बोलते, ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. दर खेळात थोडं थोडं कळतं."

शिष्य हळूच म्हणाला, "'विसरू नकोस' म्हणाली असती, तर तिला नावेतून उतरून आईकडे परतावंसं वाटलं असतं."

वृद्धाने त्याच्याकडे पाहिले. हे त्याला कधी सुचले नव्हते.

पुढच्या गावच्या खेळात लेकीचा आवाज शिष्याने काढला.