खांबाला हात

रावसाहेब इंगवल्यांच्या बागेत लोखंडी मंडपावरच्या वेलीला पाणी घालताना म्हादबा माळी खांबाला चिकटून मेला. मंडपात दिवे लावले तेव्हा रावसाहेबांनी अर्थिंग करू दिलं नव्हतं. घरातली साधी वायर पाइपाशिवायच गवताखालून नेली होती. पंचनाम्याला आलेल्या फौजदारांना मात्र ते म्हणाले, "वायरिंग चोख आहे. म्हाताऱ्याचं हृदयच कमजोर होतं."

म्हादबाची मुलगी अंजना वायरमनचं काम करायची. तिने डोळे पुसले. "तसं असेल तर माझी तक्रार नाही, रावसाहेब. फौजदारसाहेबांसमोर एकदा खांबाला हात लावा, मी लगेच सही करते."

रावसाहेबांनी हात मागे घेतले. "मला काय मरायचंय?" ते ओरडले.

तशी अंजना पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी खांब घट्ट धरला. फौजदार दचकून उठले.

"भिऊ नका, साहेब. मेन स्विच मी मघाशीच पाडलाय, आता खांबात वीज नाही. पण ती असते, हे रावसाहेबांना ठाऊक होतं. माझ्या बापाला ठाऊक नव्हतं."

फौजदारांनी तिचा शब्दन्‌शब्द पंचनाम्यात उतरवला. अंजनाने मात्र बराच वेळ खांब सोडला नाही.