केरबा घरगाडी घेऊन हिमालयात गेला त्याची गोष्ट

कोल्हापूरच्या बाजूला, पंचगंगेच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा टेम्पोवाला होता. नाव केरबा. सकाळी गावातलं दूध गोळा करायचं आणि टेम्पोनं डेअरीत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. ते तो चोख करायचा. कारण ते काम सांगताना कुणी जादा शब्द वापरले नव्हते.

घोटाळा व्हायचा तो शब्दांमुळं. एकदा त्याची बायको शेवंता म्हणाली, "मी नळावर जाऊन येते. भाताकडं लक्ष ठेवा." केरबानं लक्ष ठेवलं. भात करपला, काळा पडला, धुरानं घर भरलं. केरबानं भातावरची नजर काढली नाही.

शेवंता घागर घेऊन आली, तिनं पातेलं बघितलं आणि मग नवऱ्याकडं बघितलं.

"माझं डोकं फिरायची पाळी आलीया," ती म्हणाली. "चार दिवस माझ्या नजरेसमोरनं लांब जावा!"

"लांब म्हंजे कुठं?"

"जावा की तिकडं हिमालयात!"

"एकटाच?"

"मग काय वरात घेऊन जाताय?"

"बरं," केरबा म्हणाला. आणि गेला.

शेवंताला वाटलं, पारावर जाऊन बसला असेल. रात्री वाटलं, बहिणीकडं गेला असेल. मग मनालीहून फोन आला, तेव्हा ती मटकन खाली बसली.

"आता गेलायसाच, तर हिमालय बघून या," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "फक्त एक करा. कुणी चार शब्द सांगितले, तर ध्यानात ठेवा."

"ठेवतो," केरबा म्हणाला. आणि त्यानं ठेवले. पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

मनालीत ठाकूर नावाचा एक माणूस गाड्या भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडं एक नवलाची गाडी होती. पुढून साधी पिकअप, पण पाठीवर एक छोटी खोली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे आणि मागं दार. केरबानं तिला नाव दिलं, घरगाडी.

ठाकूर किल्ली देताना म्हणाला, "गाडी जपून वापरा हं. आपलं स्वतःचं घर समजा."

"समजतो," केरबा म्हणाला.

मनालीपुढचा बोगदा मागं पडला, झाडं संपली. नुसते उघडे डोंगर आणि खाली नदी. माणूस दिसेना. केरबानं नदीकाठी मुक्काम केला. आपलं घर म्हटल्यावर बूट घालून आत जायचं कसं? बूट काढून दाराबाहेर ठेवले. टॉवेल, सदरा झुडपावर वाळत घातला. बादली दाराशी ठेवली. सकाळी उठून दारात सडा टाकला. त्या थंडीत सड्याचा लगेच बर्फ झाला. केरबा त्यावरून घसरला, पार नदीपर्यंत गेला आणि कपडे झटकत परत आला. मग सीटवर बसून गाडी चालू केली आणि निघाला. बूट, बादली, टॉवेल, सदरा, सगळं मागं राहिलं.

पुढच्या ढाब्यावर रेंज आली. केरबानं शेवंताला फोन लावला. "पाय लई गार पडल्यात," तो म्हणाला.

शेवंतानं सगळं ऐकून घेतलं. "अहो, निघायच्या आधी बाहेर जे काय असंल ते सगळं आत घ्यायचं असतंय! मग गाडी हलवायची."

"जे काय असंल ते?"

"सगळं!"

केरबानं दोन मोजे एकावर एक चढवले आणि निघाला. संध्याकाळी एका गवताळ माळावर थांबला. सकाळी उठून बघतो, तर गाडीभोवती मेंढरं चरत होती. केरबानं कंबर कसली. एकेक मेंढरू उचललं आणि आत घातलं. काही पलंगावर बसली, काही पलंगाखाली. एकानं पडदा खायला घेतला. कुत्रंही आत घेतलं. शेवटी एक दाढीवाला बोकड राहिला. तो काही मागं मावेना. मग त्याला पुढच्या सीटवर बसवला आणि पट्टा लावला.

गाडी हलली, तोच वळणावर एक मेंढपाळ काठी आडवी धरून उभा राहिला. त्याचं नाव प्यारचंद. त्यानं आधी बोकडाकडं बघितलं. बोकडानं त्याच्याकडं बघितलं.

"माझी मेंढरं कुठायत?"

"आत हाईत," केरबा म्हणाला. "सगळी घेतली. एकबी विसरलो न्हाई."

प्यारचंदनं मागचं दार उघडलं. आतून मेंढरं बाहेर पडायला लागली. पडतच राहिली. शेवटचं बाहेर आलं तेव्हा त्याच्या शिंगावर केरबाची कानटोपी होती. प्यारचंद रागवायला आला होता, पण त्याला हसूच आवरेना. तो खाली बसून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "भाऊ, जे आपलं नाही त्याला हात लावण्याआधी विचारावं. समोरचा नाही म्हणाला, तर गुपचूप बाहेर बसावं."

"चांगलं सांगितलंत," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन खडकामागं गेला होता. परत येऊन बघतो, तर घरगाडीचं दार सताड उघडं. आत कोणीतरी बसलेलं. पाठमोरं, केसाळ, पलंगाएवढं रुंद. केरबानं घरातून निघताना उचललेला चिवड्याचा डबा त्याच्या मांडीवर होता.

केरबानं विचार केला. गाडी आपली नाही, ठाकूरची. मग आत बसलेला गृहस्थ ठाकूरचा माणूस असणार. त्यानं दारावर टकटक केलं.

"पाव्हणं, येऊ का आत?"

"घुर्रर्र," पाव्हणं म्हणाले.

नाही म्हणाले, म्हणजे प्रश्नच मिटला. केरबा वाऱ्यात दगडावर गुपचूप बसला. आत चिवडा संपला. लाडू संपले. तांदळाची पिशवी फाटली. तेलाची बाटली घटघट संपली. पोट भरल्यावर पाव्हणं खाली उतरले, एकदा केरबाकडं बघून डोंगराकडं निघून गेले. केरबानं त्यांना नमस्कार केला.

पुढं खिंड ओलांडल्यावर एका दगडावर उभं राहिलं की रेंज यायची. केरबा दगडावर चढला. "शेवंता, खायाचं सगळं संपलं. ठाकूरचा माणूस येऊन खाऊन गेला."

"कसा होता माणूस?"

"जाडजूड. अंगात लोकरीचा कोट. नखं वाढलेली. बोलणं अगदी कमी."

शेवंताच्या हातातून फोन पडला. तो उचलून ती ओरडली, "अहो, अस्वल हुतं ते! जिवावरचं टळलं! आता असं कुणी लोकरवालं दाराशी आलं, तर आधी दार लावायचं, थाळी बडवायची आणि मोठमोठ्यानं बोंबलायचं!"

"लोकर दिसली की बोंबलायचं," केरबानं घोकलं.

पोटात कावळे कोकलत होते. एका छोट्या गावाबाहेर त्यानं गाडी उभी केली. गावातल्या पाल्मो नावाच्या म्हातारीनं लांबून ही गाडी बघितली. तिला वाटलं, कोणी बिचारा एकटाच आलाय, अनवाणी फिरतोय, उपाशी दिसतोय. तिनं गरम रोट्या फडक्यात बांधल्या, किटलीत चहा घेतला, थंडी म्हणून लोकरीचा लांब कोट चढवला, आणि काठी टेकत टेकत दाराशी आली.

केरबानं खिडकीतून बघितलं. लोकर!

त्यानं धाडकन दार लावलं. थाळी घेतली, पळी घेतली आणि बडवायला सुरुवात केली. "बों बों बों! पळा! जावा! बों बों बों!"

म्हातारीची किटली एकीकडं उडाली, रोट्या दुसरीकडं. ती पायांत वारं भरल्यासारखी गावाकडं पळाली. थाळीचा आवाज गावात पोचलाच होता. सगळं गाव काठ्या घेऊन धावत आलं.

"अस्वल कुठंय?"

"अस्वल न्हाई," केरबा खिडकीतून म्हणाला. "या आजी आल्या हुत्या."

गाव आजींकडं बघायला लागलं. मग सगळे हसायला लागले. पाल्मो सगळ्यांत आधी हसली. तिनं केरबाला घरी नेलं, जेवू घातलं, पायांत लोकरीचे बूट चढवले. लोकर बघून केरबा जरा दचकला, पण हाताशी थाळी नव्हती.

त्यानं शेवंताला फोन करून सगळं सांगितलं. तिला रडावं की हसावं कळेना. "आता पुरे झालं," ती म्हणाली. "भेटंल त्याला तुमच्यापायी ताप. तडक घरला या. वाटेत कुणी हात करू दे, कुणी हाका मारू दे, थांबायचं न्हाई! आलं ध्यानात?"

"आलं," केरबा म्हणाला. फोन कटला.

आणि त्याच रात्री बर्फ पडला. खिंड बंद झाली, फोनही बंद झाले. पण केरबाला तडक निघायचं होतं. तो गाडीत बसून राहिला, हात स्टिअरिंगवर. पाल्मो येऊन खिडकीतून जेवण देई. तो स्टिअरिंग न सोडता एका हातानं खाई.

इकडं शेवंताचा जीव टांगणीला लागला. फोन लागेना. टीव्हीवर बर्फ दिसत होता. करपलेल्या भातावरून आपण माणसाला हिमालयात घालवला, असं म्हणून ती रडली. मग घराला कुलूप घातलं, आगगाडीत बसली, बसमध्ये बसली आणि पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकून थेट मनालीत ठाकूरच्या दारात उभी राहिली. ठाकूरलाही गाडीची काळजी होतीच. त्यानं तिला जीपमध्ये घेतलं आणि दोघं खिंडीच्या पायथ्याशी जाऊन थांबले.

ऊन पडलं. रस्ता मोकळा झाला. आणि वरून सगळ्यांत पहिली उतरली ती घरगाडी.

शेवंता रस्त्याकडेला धावली. तिनं दोन्ही हात हलवले. पदर हलवला. "अहो! अहो, मी आले!" असा टाहो फोडला. ठाकूरही हात करत होता.

केरबानं तिला बघितलं. इतक्या दिवसांनी शेवंता दिसली, त्याचा ऊर भरून आला, डोळ्यांतून पाणी आलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. पण तिचाच शब्द. तिच्याच तोंडावर मोडायचा कसा? त्यानं दात-ओठ खाऊन पाय उचलला आणि गाडी तिच्यासमोरून भुर्रकन पुढं गेली.

ठाकूरची जीप वळेपर्यंत अडकलेल्या ट्रकांची रांग खाली उतरायला लागली होती. घरगाडी दिसेनाशी झाली.

मग फोन वाजायला लागला. पण फोन म्हणजे हाकच. केरबानं तो उचलला नाही. पंजाबात एका पंपावरच्या माणसानं हात करून बोलावलं, म्हणून तिथं डिझेल घेतलं नाही. पुढच्या पंपावरचा झोपला होता, तिथं घेतलं. राजस्थान गेलं, गुजरात गेलं, आणि एका सकाळी घरगाडी पंचगंगेच्या काठी येऊन उभी राहिली.

केरबा उतरला. अभिमानानं दाराकडं गेला. मग त्यानं फोन काढला.

"शेवंता, पोचलो बघ! कुणासाठी थांबलो न्हाई."

 पलीकडनं ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी तिथं रस्त्यात उभी हुते. हात करत हुते. दिसले न्हाई तुम्हाला?"

"दिसलीस की! रडूच आलं मला. पण ते राहू दे. घराला कुलूप हाय. किल्ली कुठं ठेवलीस?"

"माझ्या कमरेला हाय," शेवंता हिमालयातून म्हणाली.