सोनखवली आणि न रडणारी राजकन्या

एका राज्यात एक वर्ष असं उजाडलं, की जन्मलेलं एकही मूल रडलं नाही.

मुलं श्वास घेत, डोळे उघडत, हातपाय झाडत. पण आवाज नाही. भूक लागली तरी नाही, मुंगी चावली तरी नाही. आया घडोघडी पाळण्यात वाकून बाळाच्या नाकाशी बोट धरत. बोटाला ऊब लागली की कामाला वळत, आणि चार पावलं गेल्या की परत फिरत.

अशात राणी उर्मिकेला मुलगी झाली. यमुनाक्का सुईणीने तिला पालथी धरली, पाठीवर थोपटलं, तळव्यांना टिचक्या मारल्या. मुलीने तोंड उघडलं, ओठ थरथरले, गाल लाल झाले. आवाज काही फुटला नाही.

"अक्का, हिचं रडं कुठे गेलं?"

"नदीत, राणीसाहेब. सगळ्यांचं गेलं तिथेच."

राजवाड्याखालून नदी वाहत होती. तिच्यात सोनखवली नावाचा मासा होता, हातभर लांब, अंगावर बेलाच्या पानाएवढे सोनेरी खवले. त्या राज्याचा नेम असा, की नदीत सोनखवलीचं पिल्लू हललं की पाळण्यातल्या मुलांना कंठ फुटायचा. असं का, हे कुणी विचारत नसे. सूर्य का उगवतो, हे तरी कोण विचारतं?

राजा भद्रसेन नदीतल्या डोहावर गेला आणि त्याने जादूगार कालकंठाला हाक मारली. कालकंठ डोहाच्या तळाशी राहायचा. तो दाढी पिळत वर आला.

"कालकंठा, शाप कुणाचा?"

"तुमचाच तुम्हाला. सोनखवली राखाल तोवर मुलांचे कंठ मी राखीन, असा करार होता. आता एक मादी उरली आहे आणि तीन नर. या हंगामात ती तीनदा अंडी घालेल."

"आणि तिन्ही वेळा पिल्लं निघाली नाहीत तर?"

"तर या मुलांचे कंठ जन्मभर मिटले, राजा. तुझ्या लेकीचाही." एवढं बोलून तो बुडाला.

मग राजाने दरबार भरवला, जाणत्यांना बसवलं आणि बेत आखला.

पहिलं काम जाळ्यांचं. भोयांचा नाईक रखमाजी पुढे आला.

"महाराज, जाळी खुंटीला टांगतो. पण हंगामभर आम्ही खायचं काय?"

"माझ्या कोठारातलं धान्य."

"मग बरंच झालं. मासे साफ करताना बायको रोज माझा उद्धार करते, तेवढा तरी टळेल."

नदीत एकही जाळं पडलं नाही. मादीने अंडी घातली. पाचव्या दिवशी राजा बघायला गेला, तर नदीचा तळ रिकामा! एक अंडं नाही.

दुसरं काम बंधाऱ्याचं. राजाच्या आजोबांनी बागेसाठी नदी अडवली होती, त्यामुळे माशाला वर चढता येत नव्हतं. राजाने पहिला घाव स्वतः घातला. पाणी मोकळं झालं, मादी वरच्या उथळ प्रवाहात गेली आणि तिने अंडी घातली. दोन्ही काठांवर भालेवाले उभे राहिले. बगळा फिरकेना, म्हैस उतरेना. पाचव्या दिवशी राजा गेला.

अंडी नाहीत.

"अरे, पहारा होता की नाही?" राजा ओरडला.

"होता महाराज! डोळ्याला डोळा लावला नाही कुणी."

तेवढ्यात काठावरच्या फांदीवर निळा खंड्या बसलेला दिसला. चोर सापडला! शिपायांनी फासा टाकून त्याला धरलं आणि दरबारात आणलं.

"मासेखाऊ पाखरा, अंडी खाल्लीस. मरायला तयार हो."

"मासे खातो, नाकारत नाही," खंड्या म्हणाला. "पण अंडी दगडाला चिकटलेली असतात. माझी चोच बघ. हिने दगड खरवडता येतो का? तुझा चोर दोन पायांचा आहे, राजा. तुझ्या शिपायांनी त्याला वाकून नमस्कार केला."

"कोण तो?"

"राणीच्या पाळण्याखाली बघ."

राजा धावत अंतःपुरात गेला. पाळण्याखाली लाल फडकं होतं. ते उलगडलं. आत सात गोटे, हळदकुंकू लावलेले.

राणी म्हणाली, "ते आसरांचे आहेत. बाराव्याला आणलेत मी."

त्या राज्याची रीतच होती. बाराव्या दिवशी बाळंतिणीने नदीवर जायचं, पाण्यातल्या देवता साती आसरांच्या नावाने वाहत्या पाण्यातले सात गुळगुळीत गोटे उचलायचे आणि पाळण्याखाली ठेवायचे, म्हणजे मुलाला नजर लागत नाही. बाळंतिणीला कोण अडवणार? भालेवाले भाले खाली करून वाट देत होते.

राजाने एक गोटा उलटा केला. खालच्या बाजूला मोहरीसारखे पिवळे दाणे, वाळून सुरकुतलेले.

राणीने ते पाहिलं.

"हे... हे चिकट होतं तेव्हा. शेवाळ समजून मी पदराने पुसत बसले. सहा गोटे पुसले, सातवा राहिला. अक्का, मी तिची पोरं पुसली! माझ्या पोरीसाठी!"

चाळीस वर्षं यमुनाक्काच बाळंतिणींना नदीवर नेत होती. घरोघर, पाळण्यापाळण्याखाली, पिढ्यान् पिढ्यांचे गोटे. नदीच्या तळाला वाळूच जास्त, गोटे मोजकेच उरले होते; मादी अंडी घालायची ती त्यांवरच, आणि बाळंतिणी उचलायच्या तेही तेच.

तिसरं काम राणीवर आलं. तिने राज्यातल्या आयांना घाटावर बोलावलं. त्या आल्या, पण गोटे पदराखाली घट्ट धरून.

मैनावती नावाची एक कुंभारीण पुढे झाली. "राणीसाहेब, गोटे सोडले आणि आसरा कोपल्या तर? रडत नाही, पण जितं तरी आहे माझं लेकरू. ते गेलं तर तुम्ही आणून देणार आहात?"

"नाही, बाई. मला नाही आणता येणार," राणी म्हणाली. "म्हणून आधी माझे सोडते. दिवसभर बघा माझ्या पोरीकडे. तिला काही झालं, तर तुमचे तुम्ही घरी न्या."

लेकीला कडेवर घेऊन ती पाण्यात उतरली. कालकंठाचं डोकं वर आलं. "घोट्याएवढ्या पाण्यात ठेव. खळखळ असेल तिथे. दगडावर दगड नको, मधे बोटभर फट ठेव."

राणीने सात गोटे ठेवले आणि काठावर बसली. बायका भोवती बसल्या. मूल शिंकलं तरी सगळ्या दचकत. राणी पुन्हा पुन्हा नाकाशी बोट धरी. ऊन डोक्यावर आलं, ऊन कललं. मूल अंगठा चोखत राहिलं. शेवटी मैनावती उठली, पाण्यात उतरली आणि तिने आपले सात ठेवले. मग रांगच लागली. सासवांनी आपले आणले, आजेसासवांनी आपले. संध्याकाळपर्यंत नदीचा तळ पुन्हा गोट्यांनी भरला.

दुसऱ्या दिवशी मादी आली. म्हातारी झाली होती, खवले झडले होते. गोट्यांवरून तीनदा फिरली आणि तिने शेवटची अंडी घातली. या वेळी पहाऱ्याला आयाच उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी राणी लेकीला न्हाऊ घालत होती. अचानक काहीतरी किंचाळलं. राणीच्या हातून तांब्या पडला. मांजर चेंगरलं? कुणी पडलं?

"अक्का! अक्का, काय झालं हिला? बघा ना, कशी करतेय!"

"अहो, रडतेय ती!" यमुनाक्का ओरडली. "डोळ्यांत पाणी गेलं तिच्या! घ्या तिला आधी!"

तोवर पलीकडच्या आळीतून दुसरा आवाज उठला, कुंभारवाड्यातून तिसरा, मग सगळं नगरच. राजा अनवाणी धावत नदीवर गेला. गोट्यांच्या फटींतून सुईएवढी सोनेरी पिल्लं बाहेर पडत होती.

"आता या गोंगाटात मी शिकार कशी करू?" खंड्या कुरकुरला.

"वर्षभर करायचीच नाही," राजा म्हणाला, आणि त्याने खंड्याला रोजचे शेतातले टोळ लावून दिले.

त्या राज्यात बाळंतीण अजूनही बाराव्याला नदीवर जाते. हात पाण्यात घालते, सात गोट्यांना नुसतं बोट लावते आणि रिकाम्या हाताने भरभर घरी निघते. कारण घरी मूल रडत असतं.